‘किरकोळ’ पडण्याची किंमत

गेल्या भाद्रपदात, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, मी सायकलवरून पडलो. वर्तमानपत्रात यावी अशी ही बातमी नव्हे. कोणी धडक दिली नाही, हाड मोडले नाही, पोलीस आले नाहीत. कुंभारीहून सोलापूरकडे येताना एका ठिकाणी डांबर संपून माती सुरू होते आणि पावसात तिथे चिखल साचतो. मागून मालट्रक हॉर्न वाजवीत आला म्हणून मी सायकल कडेला घेतली, उतरण्यासाठी उजवा पाय मागून टाकला आणि तो कॅरिअरला बांधलेल्या डब्याच्या पिशवीत अडकला. सायकल आणि मी, दोघेही डाव्या अंगावर आडवे झालो. वेग म्हणाल तर चालत्या माणसाचा. जवळच्या टपरीवरून दोन पोरे धावत आली. त्यांनी सायकल उचलली, हँडल सरळ करून दिले, मला पाणी पाजले. ‘‘काही नाही मामा, किरकोळ आहे,’’ एक जण म्हणाला. मीही हसून तेच म्हटले आणि तसाच कारखान्यावर गेलो; कारण त्या दिवशी कामगारांच्या पगाराचा हिशेब करायचा होता.

मी बासष्ट वर्षांचा आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका लहान कारखान्यात हिशेब लिहितो. सायकल मी हौसेने चालवीत नाही आणि व्यायामासाठी तर नाहीच नाही. ती माझी कामावर जाण्याची सोय आहे, जशी माझ्या आजूबाजूच्या शेकडो लोकांची आहे.

संध्याकाळी मनगट सुजले. रात्री कूस बदलताना बरगडीतून कळ येऊ लागली. शेजारच्या अण्णांनी आपुलकीने तेल गरम करून चोळून दिले, सौ.ने आंबेहळदीचा लेप लावला. चौथ्या दिवशी डाव्या हाताने चहाची कपबशीसुद्धा उचलवेना, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होते. ‘‘आजोबा, चार दिवस कुठे होतात?’’ त्यांनी विचारले. तोवर मला घरच्या नातवंडांशिवाय कोणी आजोबा म्हटले नव्हते. मनगटापेक्षा तो शब्द अधिक लागला, हे कबूल केले पाहिजे. क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. तरीही त्यांनी हाताला पट्टी बांधली, दोन आठवडे हात हलवायचा नाही असे बजावले आणि पुन्हा चित्र काढायला बोलावले. आमच्याकडे हजेरीप्रमाणे पगार. दोन आठवडे घरी बसणे, दोन वेळचे क्ष-किरण, औषधे आणि येण्याजाण्याचे वडापचे भाडे असा सगळा हिशेब मी सवयीप्रमाणे वहीच्या मागच्या पानावर मांडला. त्या ‘किरकोळ’ पडण्याने महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक रक्कम नेली होती.

घरी बसल्यावर माणूस विचार करू लागतो. माझ्या एकट्याच्या मनगटाचा प्रश्न असता तर तो लिहिण्याजोगा नव्हता. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे असे एखादे पडणे होते. कोणाचा खांदा दोन वर्षांपासून वर जात नाही, कोणाचा गुडघा पावसाळ्यात ठणकतो, कोणी पडल्यानंतर मुलांच्या आग्रहाने सायकल विकली आणि त्यासोबत कामही सोडले. यांपैकी एकाचेही पडणे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

घरे आली, वये वाढली

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. सोलापुरातून अक्कलकोटकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर लागते. महाराष्ट्राला ते परिचित झाले ते कामगारांच्या घरकुलांमुळे. विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथे उभी राहिली आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिच्या किल्ल्या देण्यात आल्या. माजी आमदार नरसय्या आडम यांनी त्यासाठी कामगारांना बरोबर घेऊन दिलेला लढा सोलापूरकरांनी जवळून पाहिला आहे. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर ही योजना आली. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीत येऊन पहिली पंधरा हजार घरे त्यांनी कामगारांच्या स्वाधीन केली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, वाहनचालक असे सगळे कष्टकरी या योजनेत आहेत. पत्र्याच्या झोपडीत किंवा भाड्याच्या एका खोलीत हयात काढणाऱ्यांना आपल्या नावाचे पक्के घर मिळाले, याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. जे पुढे लिहीत आहे ते या घरांना नावे ठेवण्यासाठी नव्हे.

पण घर शहराबाहेर आले आणि काम बरेचसे शहरातच राहिले. विडी घरी वळता येते; माग घरी आणता येत नाही. टॉवेल-चादरीचे कारखाने, बाजारपेठ, हमालीचे अड्डे, धुण्याभांड्याची घरे सोलापुरात किंवा वाटेवरच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. म्हणजे घराच्या किमतीत रोजच्या जाण्यायेण्याची किंमतही मिळवावी लागते, आणि ती एकदा भरून संपत नाही.

दुसरी गोष्ट मला पट्टी बांधून ओट्यावर बसलो असताना सुचली. २००६ साली चाळिशीत असलेली जोडपी इथे राहायला आली. ती आज साठीच्या घरात आहेत. एखाद्या जुन्या गल्लीत आजोबा, बाप, नातू असे सगळ्या वयांचे लोक असतात. वसाहतीत मात्र साधारण एकाच वयाचे हजारो लोक एकाच वेळी राहायला येतात आणि एकाच वेळी म्हातारे होतात. वीस वर्षांपूर्वी ज्या पुरुषाने हसत-खेळत वीस-बावीस किलोमीटरची रोजची फेरी मारली, तोच आज तीच सायकल, तोच डबा घेऊन निघतो. बदलले आहेत ते त्याचे डोळे, कान, गुडघे आणि रस्ता. हा रस्ता आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग आहे. अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या, कलबुर्गीकडची मालवाहतूक आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर-ट्रेलर, सारे याच रस्त्याने धावते. रस्ता रुंद झाला तसा मोटारींचा वेग वाढला. सायकलचा वेग वाढायला पायांचे वय कमी व्हावे लागते. रे नगरात जे तरुण संसार आज सुरू झाले आहेत, तेही आणखी वीस वर्षांनी याच पायरीवर येणार आहेत.

जे मोजले जात नाही

२०११च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारले गेले. शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी साधारण तेरा टक्के सायकलने जातात, असे त्यातून दिसले. तेव्हा मोटारसायकल-स्कूटरने जाणारेही जवळपास तेवढेच होते. देशातल्या सुमारे पंचेचाळीस टक्के कुटुंबांकडे सायकल होती. त्यानंतर दुचाक्या फार वाढल्या. साहिबाबादचा ॲटलास सायकलचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला, तेव्हा अनेकांना एक युग संपल्यासारखे वाटले. तरी कामगार वस्तीत सायकल संपलेली नाही. ती तरुणांच्या हातून सुटली आणि वडीलधाऱ्यांकडे उरली, एवढेच.

आता दुसऱ्या बाजूचे आकडे पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांवर होते. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून तयार होतात. माझ्यासारखा चिखलात आडवा झालेला माणूस पोलिसांकडे जातो कशाला आणि जाऊन सांगणार काय? ‘‘साहेब, मीच माझ्या पिशवीत अडकलो’’? त्यामुळे ज्यात दुसरे वाहन नाही, असे पडणे आपल्याकडे मोजलेच जात नाही. जे मोजले जात नाही त्यावर खर्च होत नाही, आणि जिथे दहा माणसे घसरली तिथे अकरावा घसरतो.

नेदरलँड्समध्ये सायकल हे सर्वसामान्यांचे वाहन. तिथे रुग्णालयांच्या नोंदीही तपासतात. त्यांवरून त्यांना आढळले, की गंभीर जखमी होणाऱ्या सायकलस्वारांपैकी बहुसंख्यांना कोणत्याही मोटारीने धडक दिलेली नसते. ते आपोआप पडलेले असतात आणि त्यांत वयस्कर माणसे फार असतात. चढताना, उतरताना, रस्त्याच्या कडेवरून चाक घसरताना. हे कळल्यावर तिथल्या सरकारने म्हाताऱ्यांना सायकल सोडायला सांगितले नाही. उलट ‘पायडल मारीत राहा’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम काढून त्यांना तोल, चढ-उतार आणि सायकलची योग्य निवड शिकवायला सुरुवात केली. नेदरलँड्सचे सपाट, सुबक रस्ते आणि आमचा अक्कलकोट रस्ता यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण पडणाऱ्याची नोंद ठेवायला आणि त्याला दोन शब्द शिकवायला श्रीमंत देश असावे लागत नाही.

साठीनंतरचे शरीर

तरुणपणी पडलो तर आपण कपडे झटकून उठतो. साठीनंतर तसेच उठावे असे मनाला वाटते. शरीर मात्र वेगळा हिशेब ठेवते. डॉक्टरांनी दोन भेटींत मला जे समजावले, ते घरोघरी माहीत असायला हवे.

पहिली गोष्ट डोक्याची. डोके आपटले असेल आणि माणूस वयस्कर असेल, विशेषतः हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बाहेर टेंगूळही नसताना आत कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साकळू शकते. कधी कधी त्याची लक्षणे काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही दिसतात : डोके दुखत राहणे, सतत झोप येणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ. ‘वय झाले, विसरायला लागले’ असे म्हणून घरचे गप्प बसतात. अशा वेळी पडल्याची आठवण डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट हाताची. पडताना माणूस तळहात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर अधिकच. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळगीत एक होडीच्या आकाराचे लहान हाड असते. त्याला गेलेली बारीक चीर पहिल्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी दिसते. त्या हाडाला रक्तपुरवठा बेताचाच, त्यामुळे ती चीर तशीच राहिली तर ते सांधत नाही आणि हात कायमचा अधू होतो. मला पट्टी बांधून पुन्हा बोलावण्याचे कारण हे होते. सुदैवाने दुसरे चित्रही निर्मळ निघाले.

तिसरी गोष्ट चोळण्याची. ताज्या सुजेवर गरम तेलाने चोळणे ही आपल्या घराघरांतली माया आहे, पण ती चुकीच्या वेळची माया आहे. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, हात उंच ठेवावा. हाड मोडले आहे की नाही हे कळण्याआधी चोळले किंवा ओढले तर हलायला नको असलेले हाड हलते. अण्णांना मी हे अजून सांगितलेले नाही. त्यांनी ज्या प्रेमाने चोळले त्याला उत्तर द्यायला शब्द सापडत नाहीत. खरचटलेल्या जागी माती राहू न देता ती वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. मधुमेह असेल तर पायाची लहान जखमही रोज पाहावी. तंबाखू आणि विडीने हाड उशिरा सांधते, हे विडीच्या गावात लिहिताना जड जाते, पण ते खरे आहे.

आणि चौथी गोष्ट विश्रांतीची. इथे आपण दुसऱ्या टोकाला जातो. ‘पडून राहा, काही करू नका’ असा प्रेमळ हुकूम सुटतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील मांस जवळपास एक किलोने घटले. काहीही दुखणे नसताना ही गत! ज्या पायांनी पुढचे पडणे टाळायचे, तेच पाय विश्रांतीने दुबळे होतात. म्हणून दुखरा अवयव जपावा, बाकीचे शरीर चालते ठेवावे. बरगडीला मार असेल तर दुखते म्हणून उथळ श्वास घेऊ नये. तासातासाला चार खोल श्वास घ्यावेत, नाहीतर छातीत कफ साठतो. मी हात गळ्यात अडकवून सकाळ-संध्याकाळ वसाहतीत फेऱ्या मारीत होतो. लोक विचारीत, ‘‘सुट्टी का?’’ मी म्हणे, ‘‘नोकरीच आहे ही.’’

भीतीचे दुखणे

मनगट तीन आठवड्यांत बरे झाले. दुसरे दुखणे बरे व्हायला अधिक काळ लागला. ज्या सायकलवर चाळीस वर्षे बसलो तिच्याकडे पाहून छातीत धडधड होई. घरच्यांनी तर निकालच लावला होता. थोरला म्हणाला, ‘‘बाबा, आता सायकल नको.’’ सूनबाई म्हणाल्या, ‘‘मामंजी, आम्हाला घोर नका लावू.’’ त्यांचे चुकत नव्हते. पण सायकल नको म्हणजे काय, याचा हिशेब कोणी मांडत नव्हते. रोजचे वडापचे दोन वेळचे भाडे, पहाटेच्या पाळीला वाहन न मिळणे, रात्री परतताना ताटकळणे. बसची फेरी पाळीच्या वेळेशी जुळली नाही तर ती असून नसल्यासारखीच. बऱ्याच घरांत त्याचा शेवट ‘आता घरीच बसा’ असा होतो. घरी बसलेला माणूस कमी हलतो, कमी हलला की तोल जातो, आणि मग तो रस्त्यावर नव्हे, मोरीत पडतो. त्या पडण्यात खुब्याचे हाड मोडले की सगळ्या घराचे कंबरडे मोडते.

म्हणून पडल्यानंतरचा खरा प्रश्न ‘सायकल चालवावी की नाही’ हा नसून ‘कशी चालवावी’ हा आहे. डॉक्टरांनी अट घातली : आधी भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळता आला पाहिजे, दोन्ही हातांनी ब्रेक करकचून दाबता आला पाहिजे आणि मान वळवून मागचे पाहता आले पाहिजे. हे जमायला मला आणखी आठवडा लागला. मग पहाटे वसाहतीच्या मैदानात, लहान पोरासारखे, फेऱ्या.

तिथेच आमच्या सायकल दुरुस्तीवाल्याने मला माझे अर्धे दुखणे दाखवून दिले. ‘‘मामा, तुम्ही पडलात दांडीमुळे,’’ तो म्हणाला. मधल्या आडव्या दांडीच्या सायकलवर पाय मागून उंच टाकावा लागतो. विशी-तिशीत तो सहज जातो. साठीत खुबा तेवढा उघडत नाही. त्यातून कॅरिअरवर डबा, पिशवी. म्हातारी माणसे पडतात ती बहुधा चालवताना नव्हे, चढता-उतरताना. त्याच्याकडे बिनदांडीची, ज्याला आपण ‘लेडीज सायकल’ म्हणतो ती, जुनी एक होती. सीट खाली घेतली की दोन्ही पाय जमिनीला टेकतात. आठ दिवस मी ती घेतली नाही. का घेतली नाही हे पुरुष वाचकांना सांगायला नको. अखेर घेतली. माझी जुनी सायकल त्याने ठेवून घेतली, नवीचा रिमचा आऊट काढून दिला, ब्रेकचे रबर बदलले, मागे लाल चकती लावली आणि डब्यासाठी पुढे जाळी बसवली. या सगळ्याला लागलेला खर्च दुसऱ्या क्ष-किरणाहून कमी होता.

कायद्याचा चौथा दिवस

आता कायद्याकडे वळू, कारण मजुरी बुडते तिथे कायदा आठवतो. कामावर असताना इजा झाली तर भरपाई देणारा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. पण घरून कामावर जाताना वाटेत झालेला अपघात ‘कामावरचा’ मानायचा की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालले. आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील एका प्रकरणाने हा प्रश्न दिल्लीपर्यंत नेला. साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. खालच्या न्यायालयाने कुटुंबाला भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी ती पुन्हा मंजूर केली. अपघाताची वेळ, जागा आणि काम यांचा परस्परसंबंध दिसत असेल, तर घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघातही नोकरीच्या ओघात झाला असे मानावे, असा त्या निकालाचा अर्थ आहे. राज्य विमा योजनेच्या कायद्यात अशी तरतूद २०१० पासून होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

म्हणजे सायकलने पाळीला जाणाऱ्या कामगारालाही हा आधार तत्त्वतः मिळाला. ‘तत्त्वतः’ म्हणण्याची कारणे दोन. पहिले, कामगाराचे नाव हजेरीपटावर हवे. ज्याचे नाव कुठे नाही, जो आज या मागावर तर उद्या त्या मागावर, जो हातगाडी लावतो, जी बाई चार घरची भांडी घासते, त्यांच्या वाटेचा मालक कोण? दुसरे, किमान तीन दिवस काम बुडाल्याशिवाय भरपाईचा प्रश्नच उभा राहत नाही. त्यामागचा हेतू समजतो. प्रत्येक खरचटण्याचा दावा चालवता येणार नाही. पण नियम माहीत नसल्याने होते असे, की माझ्यासारखा माणूस पहिले चार दिवस दुखत असतानाही कामावर जातो, मग दवाखान्यात पोचतो, आणि तोवर कधी, कुठे, कसा पडलो याचा कागद कुठेच नसतो. पडल्या दिवशीच मालकाला किंवा मुकादमाला सांगणे, दवाखान्याच्या कागदावर ‘कामावर जाताना सायकलवरून पडले’ एवढे चार शब्द लिहून घेणे, यात भांडण नाही. विम्याचे कार्ड असेल तर काम न करता येणाऱ्या दिवसांची सुमारे नव्वद टक्के मजुरी मिळू शकते. आमच्या कारखान्यात हिशेब मीच लिहितो, आणि मलाच हे पडल्यावर कळले. दोष कोणाला द्यायचा?

रस्त्याच्या बाबतीतही न्यायालयाने पाऊल उचलले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी गटारे यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो स्वागतार्हच आहे. मात्र भरपाई पडल्यानंतरची असते. आमची मागणी पडण्याआधीची आहे, आणि तीही फार मोठी नाही.

जिथे वसाहतीचा रस्ता महामार्गाला मिळतो तिथे डांबराच्या कडेला उतार द्या, माती आणि डांबर यांच्यातली वीतभर पायरी काढा. वसाहत ते औद्योगिक वसाहत एवढ्या टप्प्यात दोन्ही बाजूंना सायकल जाईल इतकी कडपट्टी पक्की करा आणि तिच्यावर मालट्रक उभे राहू देऊ नका. पाळ्या सुटतात त्या वेळांना बसच्या फेऱ्या जुळवा, म्हणजे पट्टी बांधलेल्या माणसाला दोन आठवडे पर्याय राहील. उसाच्या ट्रेलरना मागे चकाकणारी पट्टी सक्तीची आहे. ती लावलेली आहे की नाही हे हंगाम सुरू होतानाच तपासा. आणि कुंभारीत वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, वसाहतीत लहानमोठे दवाखाने आहेत. तिथे येणाऱ्या प्रत्येक पडलेल्या माणसाला ‘कुठे पडलात?’ एवढे विचारून वहीत एक ओळ लिहिली, तर वर्षभरात कोणती चार ठिकाणे माणसे पाडतात ते कळेल. मोजण्याची सुरुवात इथून होऊ शकते.

दिवाळीच्या आधी मी पुन्हा कामावर रुजू झालो. पहिल्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघालो. पुढच्या जाळीत डबा, डोक्यावर नातवाचे हेल्मेट. सायकलला ते सक्तीचे नाही, पण सूनबाईंशी झालेल्या तहात ते एक कलम होते. टपरीपाशी तीच दोन पोरे उभी होती. बिनदांडीची सायकल पाहून एक जण हसला आणि म्हणाला, ‘‘काय मामा, मामींची सायकल?’’ मी म्हटले, ‘‘होय रे. तुझ्या बाबांनाही घेऊन दे.’’ तो हसायचा थांबला. त्याचे वडील मागावर आहेत, पंचावन्नच्या पुढचे; तेही याच रस्त्याने दांडीच्या सायकलवर येतात. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘‘मामा, जुनी कितीला मिळते?’’

मी दुरुस्तीवाल्याचा पत्ता सांगितला आणि त्या चिखलाच्या जागेपाशी, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, मागचे वाहन जाऊ दिले.